सुवार्ता म्हणजे काय? शेजारच्या काकूंच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

नाताळच्या आधीचे दोन दिवस आमच्या घरात मैद्याचे आणि तुपाचे. केक बेकरीतून येतो, करंज्या मात्र घरातच होतात. शेजारच्या काकू दरवर्षी मदतीला येतात. त्यांच्या दिवाळीला मी, माझ्या नाताळला त्या. गेल्या डिसेंबरात मी पाऱ्या लाटून ओल्या फडक्याखाली ठेवत होते आणि त्या सारण भरून कातणं फिरवत होत्या. मध्येच हात थांबवून म्हणाल्या, "एक विचारू का? राग मानू नकोस हं. तुमच्या त्या बोर्डावर 'सुवार्ता सभा' लिहिलेलं असतं. सुवार्ता म्हणजे आम्हाला तुमच्यात ओढायचं, असंच ना?"

राग कसला? इतक्या वर्षांच्या शेजारात हे विचारायला त्यांना एवढा वेळ लागला, याचंच मला वाईट वाटलं. कढईत करंज्या होत्या, म्हणून मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं. ते पुरेसं नव्हतं. हा विषय आपल्याकडे एकतर कुजबुजत बोलतात नाहीतर ओरडून. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही, नाशिकच्या शरणपूर रोडच्या परिसरात आणि चर्चच्या बाकांवर वाढलेली बाई आहे. पण जे मला ठाऊक आहे ते काकूंसाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी नीट मांडून ठेवते.

बातमी आणि बातमी आणणारा

सुवार्ता म्हणजे शब्दशः चांगली बातमी. नवा करार म्हणजे बायबलचा येशूपासून सुरू होणारा भाग. त्याची मूळ भाषा ग्रीक, आणि तिथला शब्द आहे 'युआंगेलिऑन'. हा काही चर्चनं घडवलेला शब्द नव्हे. लढाई जिंकल्याची, बादशहाला मुलगा झाल्याची खबर घेऊन जासूद गावात यायचा, त्या खबरेला रोमन काळात हाच शब्द वापरत. येशूच्या शिष्यांनी तो उचलला आणि म्हटलं, आमच्याकडेही एक खबर आहे: देव माणसावर प्रेम करतो, येशूच्या मरणानं आणि पुन्हा उठण्यानं माणसासाठी देवाकडे जायची वाट मोकळी झाली आहे.

आता जासुदाचं काम काय असतं? खबर खरी सांगायची, पूर्ण सांगायची, ज्याला सांगायची त्याला कळेल अशी सांगायची. ऐकणाऱ्यानं त्यावर काय करावं हे त्याच्या हातात नसतं. या संपूर्ण लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच. पुढचं सगळं याच एका गोष्टीचा उलगडा आहे.

येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांना शुभवर्तमान म्हणतात. त्यांतल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी येशू शिष्यांना सांगतो की जा, सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, त्यांना बाप्तिस्मा (पाण्यानं दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा) द्या, शिकवा. याला आम्ही महान आज्ञा म्हणतो. ती खरी आहे, आणि ती लपवून "आम्ही फक्त समाजसेवा करतो" असं म्हणणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. ज्या माणसाला आपल्याकडे चांगली बातमी आहे असं वाटतं, तो ती सांगणारच. पण त्याच मत्तयात आधी काय काय आहे तेही वाचायला हवं. दहाव्या अध्यायात शिष्यांना पाठवताना येशू सांगतो की सोनं-चांदी बरोबर घेऊ नका, झोळी घेऊ नका, आणि कोणी स्वागत केलं नाही तर पायांची धूळ झटका आणि पुढे चला. म्हणजे 'नको' म्हणण्याचा ऐकणाऱ्याचा हक्क तिथेच मान्य केलेला आहे. आणि तेविसाव्या अध्यायात येशू धर्मपुढाऱ्यांवर संतापतो: एक माणूस आपल्या धर्मात आणायला तुम्ही समुद्र आणि जमीन पालथी घालता, आणि आणल्यावर त्याची अवस्था तुमच्यापेक्षा वाईट करता. नुसती डोकी मोजण्याबद्दल याहून कडक शब्द मी कुठे वाचलेले नाहीत. आमच्या सभांमध्ये अठ्ठाविसावा अध्याय नेहमी वाचला जातो. तेविसावाही तितक्याच वेळा वाचावा असं मला मनापासून वाटतं.

तिसरी गोष्ट ख्रिस्ती शिकवणीच्या गाभ्यातली आहे. मन पालटणं हे पवित्र आत्म्याचं, म्हणजे देवाचं काम मानलं जातं, बोलणाऱ्याचं नाही. म्हणून बाप्तिस्म्याच्या वेळी प्रौढ माणसाला सगळ्यांसमोर, थेट त्यालाच प्रश्न विचारतात आणि उत्तरं त्यानंच द्यायची असतात. धाकानं किंवा लालचीनं 'हो' म्हणवून घेतलं, तर आमच्याच शिकवणीप्रमाणे आत काहीच घडलेलं नसतं, नुसतं पाणी सांडलेलं असतं.

आपलं घर सोडावं लागतं का?

काकूंच्या 'ओढायचं' या शब्दात खरी भीती आहे ती ही. आमची मुलगी किंवा मुलगा उद्या हळदीकुंकवाला येणार नाही, पंगतीला बसणार नाही, नाव बदलेल, आमचा राहणार नाही.

हा प्रश्न इसवी सनाच्या पहिल्या शतकातच आला होता, फक्त उलट्या बाजूनं. पहिले ख्रिस्ती सगळे यहुदी होते. मग ग्रीक लोक विश्वास ठेवू लागले. यहुदी मंडळींमधले काही म्हणाले, ठीक आहे, पण आधी सुंता करा, आमचे नियम पाळा, आमच्यासारखे व्हा. त्यावर यरुशलेमेत बैठक झाली, ती 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात आहे. निर्णय असा झाला की काही मोजकी पथ्यं सोडली तर बाहेरून येणाऱ्यांवर आपल्या चालीरीतींचं ओझं टाकायचं नाही. पुढे दोनच अध्यायांनंतर पौल हा प्रेषित अथेन्समध्ये उभा राहून ग्रीकांशी बोलतो, तेव्हा तो मोशेच्या नियमशास्त्रातलं, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथातलं, काही काढत नाही; त्यांच्याच एका कवीची ओळ घेतो.

मराठीत हे काम फार लवकर सुरू झालं. फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघातल्या इंग्रज कॅथलिक धर्मगुरूनं ओवी छंदात 'ख्रिस्तपुराण' लिहिलं आणि ते १६१६ साली गोव्यात राशोलला छापलं गेलं. सुमारे ११,००० ओव्या, रोमन लिपीत छापलेल्या, पण वळण थेट आपल्या पोथ्यांचं. पुराण ऐकायची सवय असलेल्या कानांना पुराणच द्यायचं, हे त्यांना कळलं होतं.

नंतर मात्र गाडी वेगळ्या रुळावर गेली, आणि त्याची खूण आपल्या शहरातच आहे.

शरणपूर: आसरा आणि कुंपण

चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज संस्थेनं नाशिकमध्ये १८३२ साली काम सुरू केलं. त्या काळी बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला घर बंद, विहीर बंद, काम बंद. तो जाणार कुठे? म्हणून १८५० च्या दशकात गावाबाहेर एक ख्रिस्ती वसाहत उभी राहिली, तिचं नाव शरणपूर. आज शरणपूर रोडवरून रिक्षा पकडताना कुणाच्या मनात येत नसेल, पण नावात 'शरण' आहे ते अक्षरशः खरं आहे. ज्यांना कुठेच थारा नव्हता त्यांची ती जागा होती.

यात आफ्रिकेतली मुलंही होती. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं ब्रिटिश नौदल पकडायचं. सुटका झालेली मुलं मुंबईला उतरवली जायची आणि त्यांतली अनेक शरणपूरला यायची. इथे ती लिहायला-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकली. १८६६ साली प्रसिद्ध मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या शेवटच्या मोहिमेवर निघाले तेव्हा या नाशिकच्या शाळेतली नऊ मुलं बरोबर होती. इथेच शिकलेला जेकब वेनराइट नंतर त्यांना जाऊन मिळाला. १ मे १८७३ च्या सुमारास लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारले. सहकाऱ्यांनी त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, प्रार्थना वाचली जेकबनं, आणि झाडावर नाव-तारीख कोरली तीही त्यानंच. मग त्या सगळ्यांनी मृतदेह कित्येक महिने पायी चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीजवळ जेकब होता. पुढच्याच वर्षी शरणपूरची बरीच आफ्रिकी मंडळी मोम्बासाजवळच्या फ्रिअरटाउन या नव्या वसाहतीत गेली.

मला या गोष्टीचा अभिमान आहे आणि तिच्यातलं एक खटकतंही. गुलामीतून सुटलेल्या त्या लेकरांना जीव मिळाला, हातात कसब मिळालं, नवी इंग्रजी नावं मिळाली आणि धर्मही मिळाला. 'तुला हवंय का' हा प्रश्न त्यांना कोणी विचारला असेल असं मला वाटत नाही. विचारणार तरी कोण, मुलं लहान होती. पण जासुदाच्या कामाचा जो नियम मी वर सांगितला, तो इथे पाळला गेला असं मी म्हणू शकत नाही.

वसाहतीचा दुसरा परिणाम हळूहळू झाला. आसऱ्यासाठी घातलेल्या कुंपणाची सवय लागली. आतले एकमेकांतच राहिले, लग्नं आपसांत झाली, भाषा वेगळी झाली, आणि बाकी सगळं नाशिक 'बाहेरचे' झालं. हा शब्द मी लहानपणापासून ऐकते: "बाहेरच्या लोकांना निमंत्रण दिलं का?" काकू तर आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. त्या बाहेरच्या कशा?

टिळकांनी काढलेली वाट

कुंपणाचा हा प्रश्न ज्यांना सगळ्यांत जास्त टोचला ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१, कोकणातला. शिक्षणाची काही वर्षं नाशिकची. पत्नी लक्ष्मीबाई तर नाशिकजवळच्या जलालपूरच्या. मराठी वाचकाला लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' सांगायला नकोत, पण सुवार्तेच्या दृष्टीनं ती गोष्ट पुन्हा पाहावी अशी आहे.

१८९३ साली टिळक रेल्वेनं राजनांदगावकडे निघाले होते. डब्यातल्या एका युरोपीय प्रवाशाशी गप्पा झाल्या, कवितेवर, धर्मावर. उतरताना त्यानं नव्या कराराची एक प्रत दिली आणि वाचा म्हणाला. बस. पुढच्या सगळ्या कहाणीत तो माणूस कुठेच नाही. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले, पुढे पत्रव्यवहार केला, वाद घातले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. डब्यातला तो प्रवासी म्हणजे मला सुवार्ता सांगणाऱ्याचं सगळ्यात नेमकं उदाहरण वाटतं. सांगितलं, पुस्तक दिलं, आपल्या स्टेशनवर उतरून गेला.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवली म्हणून आपल्याला कळते. अतिशय कडक सोवळ्याच्या घरातली ही मुलगी. नवऱ्यानं न सांगता बाप्तिस्मा घेतला आणि तिच्या डोक्यावर आभाळ कोसळलं. कित्येक वर्षं दोघं वेगळे राहिले. नंतर ती आली, पण स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेनं, स्वतःशी भांडून. १९०० मध्ये तिनं बाप्तिस्मा घेतला. आमच्या चर्चमध्ये या कहाणीचा शेवट आनंदानं सांगतात. मला मधली वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. एका माणसाचा निर्णय म्हणजे मागे राहिलेल्यांच्या घरातली रडारड असते, आणि सुवार्ता सांगणाऱ्यानं ती मोजणीत धरली पाहिजे. 'घाई करू नका, घरच्यांशी आधी बोला' हे सांगायला धैर्य लागतं. चांगले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, ते सांगतात.

टिळक म्हणायचे की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणून त्यांनी चर्चमध्ये अभंग आणले, भजनं आणली, कीर्तन आणलं. आमच्या 'उपासना संगीत' या गाण्यांच्या पुस्तकात इंग्रजी चालीवरची भाषांतरित गीतं आहेत आणि त्यांच्या शेजारी टिळकांची पदं आहेत. पेटी-तबल्यावर टिळक सुरू झाले की म्हाताऱ्या बायका पुस्तक मिटून गातात. भाषांतरित गीताला पुस्तक उघडं लागतं.

आणि शेवटी, १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले येऊ शकत होते आणि न घेतलेलेही. ज्याला ख्रिस्त आवडतो पण घर, जात, गाव सोडणं जमत नाही किंवा पटत नाही, त्यालाही शिष्य म्हणून जागा. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार वाढला नाही. पण यरुशलेमच्या त्या बैठकीचा निर्णय मराठी मातीत कसा दिसेल, याचं उत्तर त्यांनी देऊन ठेवलं आहे असं मी मानते.

तारण म्हणजे सोनं ठेवून कर्ज?

आता एक अडचण, जी चर्चमध्ये बसलेल्यांना दिसतच नाही. आमची भाषा.

आम्ही म्हणतो, "येशूनं आमचं तारण केलं." काकूंना तारण म्हटलं की पतसंस्थेची पाटी आठवते, 'सोने तारण कर्ज'. आम्ही म्हणतो, "नवा जन्म झाला पाहिजे." ऐकणाऱ्याला वाटतं, मेल्यानंतरच्या पुनर्जन्माबद्दल बोलतायत, आम्हाला म्हणायचं असतं, याच आयुष्याची नवी सुरुवात. 'साक्ष द्या' म्हटलं की कोर्ट. 'मंडळी' म्हटलं की गणपतीचं मंडळ किंवा नाटकाला जमलेले लोक, आम्हाला मात्र चर्चमधला समुदाय अभिप्रेत असतो. 'तुम्ही पापी आहात' हे वाक्य तर सरळ तोंडावर मारल्यासारखं जातं. चर्चमध्ये 'पापी' हा शब्द आधी स्वतःला लावायचा असतो, प्रार्थनेतही 'आम्ही' म्हणूनच येतो. दारात उभं राहून समोरच्याला 'तुम्ही' म्हटलं की त्याचा अर्थच बदलतो.

पंडिता रमाबाईंना हे फार आधी कळलं होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर करण्यात घालवली. हेतू असा की कमी शिकलेल्या खेड्यातल्या बाईलाही ते कळावं. १९२२ मध्ये त्या वारल्या तोवर काम पूर्ण झालं होतं. अलीकडच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' दिलं. हेच दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ज्याला ही खबर म्हणजे काय हे एकदा स्वतः वाचून पाहायचं आहे, त्यानं कोणाच्याही सभेला जाण्याआधी लूकचं शुभवर्तमान घरी वाचावं. छोटं आहे, दोन-तीन तासांत होतं.

भाकरी, शाळा, दवाखाना

"मग शाळा-दवाखाने कशाला काढले?" हा पुढचा प्रश्न असतोच. ख्रिस्ती शिकवण सांगते की भुकेल्याला दिलेलं अन्न येशूलाच दिल्यासारखं आहे. ते दिलं की काम पूर्ण. त्याला अट लागली की ते दान उरत नाही, सौदा होतो.

सौदे झाले नाहीत असं मी म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांत, विशेषतः १८७६-७८ च्या आणि १८९९-१९०० च्या, आसऱ्यासाठी आलेले किती आणि विश्वासानं आलेले किती, हे खुद्द मिशनऱ्यांनाही सांगता येत नव्हतं. पण त्यांच्यातच एक वेगळं उदाहरण आहे, आपल्याकडचं नव्हे, आंध्रातल्या ओंगोलचं. जॉन क्लाऊ या मिशनऱ्याकडे १८७६-७८ च्या दुष्काळात मदतवाटपाचं काम होतं, आणि ते चालू असेपर्यंत त्यानं बाप्तिस्मे बंद ठेवले. धान्य मिळतंय म्हणून कोणी यायला नको. दुष्काळ सरला, मदत थांबली, त्यानंतरच त्यानं दार उघडलं. ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. आकडा मोठा आहे, पण मला त्या आधीचे थांबलेले महिने मोठे वाटतात.

आज या बाबतीत लेखी नियम आहेत. २०११ मध्ये जागतिक चर्च परिषद, कॅथलिक चर्चची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स, म्हणजे एरवी एकमेकांशी फारसं न जुळणारे तिन्ही मोठे प्रवाह, एकत्र बसले आणि त्यांनी एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे: फसवणूक नको, जबरदस्ती नको, गरिबी-अडचणीचा फायदा घेऊन आमिष नको; दुसऱ्याच्या धर्माबद्दल खोटं बोलायचं नाही; आणि कोणाला धर्म बदलायचाच असेल तर विचार करायला पुरेसा वेळ आणि पूर्ण मोकळीक द्यायची. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढ माणसाची तयारी कित्येकदा वर्षभर चालते. 'आज सभा, उद्या बाप्तिस्मा' असं कुठे दिसलं, तर ते चर्चच्याच रीतीला सोडून आहे असं समजावं.

चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या सभांबद्दलही बोलायलाच हवं. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणं आमच्या विश्वासात आहे, मी स्वतः करते. पण 'गोळ्या बंद करा, देव बरं करील' असं जो सांगतो, तो माणसाच्या जिवाशी खेळतो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तो कोणत्याही एका धर्मासाठी नाही. आमच्या ओळखीत एका बाईनं अशाच सल्ल्यावरून साखरेचं औषध थांबवलं होतं. तिच्या सुनेनं मला रात्री अकरा वाजता फोन केला. आम्ही दोघींनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि वाटेत तिच्या शेजारी बसून मी प्रार्थनाही केली. इन्सुलिन लागलं, प्रार्थनाही लागली, आणि दोन्हींत भांडण नव्हतं.

कायदा काय म्हणतो

थोडक्यात सांगते. राज्यघटनेचं कलम २५ प्रत्येकाला धर्म मानण्याचं, पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. मर्यादा सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या. 'प्रसार' हा शब्द ठेवावा की नाही यावर डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत वाद झाला. लोकनाथ मिश्र विरोधात होते. कन्हैयालाल मुन्शी आणि टी. टी. कृष्णम्माचारी बाजूनं होते. कृष्णम्माचारींचा मुद्दा असा की हा हक्क सगळ्यांना आहे, आर्य समाजाच्या शुद्धीलाही, म्हणजे लोकांना हिंदू धर्मात परत घेण्यालाही. शब्द राहिला. मग १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मध्य प्रदेश आणि ओडिशाच्या धर्मांतरविरोधी कायद्यांवर निकाल देताना सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं दुसऱ्याला समजावणं; दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. यावर वकिलांत मतभेद आहेत. मला मात्र यात जासूद आणि ऐकणारा यांच्यातली तीच रेघ दिसते. स्वतःचं मन बदलण्याचा हक्क ज्याचा त्याचा आहे.

एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला तर त्याच्या सवलती जातात. शिखांना १९५६ पासून आणि बौद्धांना १९९० पासून त्या मिळतात, ख्रिश्चनांना नाही. अनुसूचित जमातींना, म्हणजे आपल्या पेठ-सुरगाण्याच्या आदिवासींना, ही अट लागू नाही. तेव्हा दलित कुटुंबासाठी बाप्तिस्मा म्हणजे मिळणं कमी आणि गमावणं जास्त. 'फायद्यासाठी जातात' असं म्हणताना हा हिशेबही समोर ठेवावा.

चर्चमध्ये आलात तर

काकूंनी शेवटी विचारलं ते सगळ्यात सोपं होतं: "नुसतं बघायला आलं तर चालतं का?"

चालतं. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या मंदिरात फेब्रुवारीतल्या यात्रेला जा, वेगवेगळ्या धर्मांचे लोक मेणबत्त्या घेऊन रांगेत असतात. त्यांना कोणी जात-धर्म विचारत नाही. शहरातल्या चर्चमध्येही तसंच. चपला काढायच्या की नाही हे त्या त्या चर्चवर. दारात चपला दिसल्या तर काढा, नाही तर आत या. कुठल्याही बाकावर बसा. सगळे उभे राहिले तर उभं राहणं हा निव्वळ शिष्टाचार, बसून राहिलात तरी कोणी काही म्हणणार नाही. दानाची पिशवी फिरते, ती पुढे सरकवली तरी चालते. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाला, लोक पुढे जातात, तेव्हा आपण जागेवर थांबायचं. तो बाप्तिस्मा घेतलेल्यांचा विधी आहे. बाकी तुमचं नाव-पत्ता विचारला आणि द्यायचा नसेल तर देऊ नका.

चोवीस डिसेंबरच्या रात्री काकू आल्या. हिरवी पैठणी, शाल, हातात मोबाइल. शेवटच्या बाकावर भिंतीच्या कडेला बसल्या, मी शेजारी. प्रवचनात त्यांना पेंग आली. मग टिळकांचं पद सुरू झालं, पेटीवर आमच्या गल्लीतला मुलगा होता, आणि काकू सरळ बसल्या. दुसऱ्या कडव्याला त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरत होती. गाणं संपल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ही चाल आमच्या भजनी मंडळातली आहे की गं." मी पुस्तक उघडून त्यांना पान दाखवलं. चष्मा नव्हता, म्हणून त्यांनी त्या पानाचा फोटो काढून घेतला.